जिवंत कुंपण घालायचंय? नव्याने जमीन कसायला घेणाऱ्यांसाठी पहिल्या तीन वर्षांची वाट

जमीन नावावर झाली की पहिल्याच उन्हाळ्यात कुंपणाचा प्रश्न उभा राहतो. कोकणात भातं कापून झाली की गुरं मोकाट सुटतात आणि तुम्ही पावसात लावलेली आंब्या-काजूची कलमं त्यांच्या वाटेत असतात. बहुतेक जण घाईने सिमेंटचे खांब आणि काटेरी तार घालतात. समुद्राच्या बाजूला खाऱ्या वाऱ्याने तार लवकर गंजते, खांब कलतात आणि खर्च पुन्हा करावा लागतो. गावातल्या जुन्या आगरांभोवती मात्र दोन-तीन पिढ्यांपूर्वीची करवंदी-निरगुडीची वई, म्हणजे झाडांचं कुंपण, अजून उभी दिसते. तशी वई आजही घालता येते. पैसे कमी लागतात, वेळ जास्त लागतो आणि सुरुवातीची क्रमवारी चुकवून चालत नाही.

नव्या माणसाला सहसा एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती आधीच सांगतो. जिवंत वई मेलेल्या वईच्या आडोशालाच वाढते. नुसती रोपं हद्दीवर लावून पुण्या-मुंबईला परत गेलात तर मार्गशीर्षात तिथे खुंट उरतील. पहिली दोन-तीन वर्षं काट्याकुट्यांचं सुकं कुंपण रोपांची राखण करतं, मग रोपं तुमच्या शेताची राखण करतात. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने दिले आहेत. अनुभव मुख्यतः कोकणातला आहे. देशावर आणि विदर्भ-मराठवाड्यात झाडं बदलतील, पद्धत हीच राहील.

1. आधी हद्द पक्की करा

तार उपटून सरकवता येते, वाढलेली वई सरकवता येत नाही. म्हणून हद्दीचा निकाल लागेपर्यंत एकही रोप लावू नका. जवळ ही कागदपत्रं असू द्या:

- चालू 7/12 उतारा आणि 8अ
- गट नकाशा
- पोटहिस्सा असेल तर फाळणी नकाशा
- गावठाणातली जागा असेल तर मालमत्ता पत्रक
- सरकारी मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा)
- बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याचं लेखी संमतीपत्र

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या नावे जातो, आता तो ऑनलाइनही करता येतो. पावसात गवत माणसाच्या उंचीचं होतं आणि जुन्या खुणा सापडत नाहीत. त्यामुळे मोजणी दिवाळीनंतर होईल असं बघा. मोजणीचा दिवस लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिशीखेरीज स्वतः जाऊनही सांगा. नोटीस मिळाल्यावर माणूस ताठर होतो, घरी जाऊन बोललात तर तोच काका जुना दगड कुठे होता ते दाखवायला येतो. मोजणीदाराने दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी जांभ्याचे चिरे पुरून घ्या. लाकडी खुंटी वाळवी खाते आणि पुढच्या वर्षी वाद पुन्हा सुरू होतो.

दोन सापळे इथेच लपलेले असतात. पहिला पायवाटेचा. तुमच्या जमिनीतून किंवा बांधावरून कोणाची जुनी वहिवाट असेल तर ती बंद करू नका. शेतावर जायच्या रस्त्याबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे मागणी करता येते, आणि अडवलेली वाट मोकळी करून देण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आहे. वाढलेली वई तोडायची वेळ येण्यापेक्षा सुरुवातीलाच तिथे बेडं (आडवे बांबू सरकवून उघडायचं फाटक) ठेवा.

दुसरा सापळा पाण्याचा. पऱ्ह्या किंवा पावसाळी ओहोळ हद्द ओलांडत असेल तर त्याच्या पात्रात काही लावू नका. पहिल्या मोठ्या पावसात पाला-कचरा अडकतो, पाणी तुंबतं आणि शेजाऱ्याच्या खाचरात शिरतं. तेवढ्या भागात दगडांची मोरी ठेवा.

लागवड स्वतःच्या बाजूला, हद्दीपासून निदान 3 फूट आत करा. वई पसरते आणि छाटायला दोन्ही बाजूंनी उभं राहता यायला हवं.

2. परीघ मोजा, मग रोपांचा आकडा काढा

एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. तुकडा अगदी चौरस असेल तर बाजू साधारण 209 फूट आणि परीघ 835 फुटांच्या आसपास येतो. तोच एकर 100 फूट रुंद आणि 435 फूट लांब असा पट्टीसारखा असेल तर परीघ 1,070 फूट होतो. कोकणातले तुकडे बहुधा असे लांबुळकेच असतात, म्हणून एकरावर अंदाज न बांधता टेप धरून चाला.

वई दोन ओळींची करा. दोन ओळींत दीड फूट अंतर, ओळीत दोन रोपांमध्ये 2 फूट, आणि मागच्या ओळीतलं रोप पुढच्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर. म्हणजे दर फुटाला एक रोप पडतं. 835 फुटांना 835 रोपं, वर मर भरून काढायला शंभर-सव्वाशे. ही जास्तीची रोपं पहिल्याच वर्षी पिशवीत तयार ठेवा. दुसऱ्या वर्षी नवीन आणलेलं रोप वाढलेल्या शेजाऱ्यांच्या सावलीत मागे पडतं.

एवढं सगळं एका वर्षात झेपणार नसेल तर गुरांच्या येण्याची बाजू आधी घ्या.

3. झाडं निवडणं

इथे घाई करू नका. गावात फिरा आणि जुन्या वईंत काय टिकलंय ते बघा. त्या पाच किलोमीटरांत जे तगलंय तेच तुमच्याकडे तगेल.

कोकणातल्या लाल मातीत माझी पहिली पसंती करवंदाला. काटा दुहेरी आणि मजबूत, झाड बुंध्यापासून फांदतं, गुरं तोंड लावत नाहीत आणि वैशाखात टोपलीभर करवंदं मिळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात काढली आहे. फळ विकायचं असेल तर तिचा विचार करा. नुसत्या वईसाठी रानातल्या जाळीचं बी पुरतं. पिकलेल्या करवंदातलं बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरायचं, कारण ते साठवलं की उगवण झपाट्याने घटते. करवंदाचं वैगुण्य एकच, पहिली दोन वर्षं ते फार हळू वाढतं.

म्हणून त्याच्या मागच्या ओळीत काठीने लागणारी झाडं घ्यायची. गिरिपुष्प (आपल्याकडे काही भागांत उंदीरमारी म्हणतात) आणि निरगुडी ही दोन उत्तम. गिरिपुष्पाची काठी पावसाळ्यात हमखास फुटते, पाला नत्राने भरलेला असतो आणि भाताच्या चिखलणीत किंवा कलमांच्या आळ्यात हिरवळीचं खत म्हणून जातो. निरगुडी शेळ्याही सहसा खात नाहीत आणि तिच्या लवचीक फांद्या विणता येतात. काळी मिरी चढवायची असेल तर मधेमधे पांगाऱ्याचे खुंट लावा.

घराभोवती, परसात, जिथे माणसांचा वावर आहे तिथे काटा नको. तिथे अडुळसा आणि मेंदी. मेंदी दाट लावून वारंवार छाटली की सुरेख भिंत होते.

माळरानावर, कमी पावसात, हिशेब वेगळा. तिथे विलायती चिंच, घायपात, सागरगोटा आणि शेर. विलायती चिंच बियांपासून येते, कोवळेपणी शेळ्यांपासून जपावी लागते, पण दोन-तीन वेळा छाटली की तिच्यातून कुत्रंही जात नाही. सागरगोट्याच्या बियांचं कवच दगडासारखं असतं. एका बाजूने खरखरीत दगडावर घासून दिवसभर पाण्यात भिजवलं तरच ते वेळेवर उगवतं. ही वेल पसरट आहे, तिला तारेचा किंवा दुसऱ्या झाडाचा आधार लागतो.

जमिनीप्रमाणे झाड बदलणं किती जुनं आहे याचं एक मोठं उदाहरण इतिहासात आहे. इंग्रज सरकारने मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून ओडिशाकडे जाणारी जकातीची रेषा आखली होती. ती बऱ्हाणपूरच्या बाजूने जात असे आणि 1879 मध्ये बंद झाली. तिच्या शेकडो मैलांच्या भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर अशा झाडांचं जिवंत कुंपण वाढवलं होतं. जमीन वाईट होती तिथे चर खणून चांगली माती भरली, आणि झाड धरेना तिथे काट्यांचं सुकं कुंपण किंवा दगडी भिंत घातली. लोकांवर जुलूम करण्यासाठी उभारलेली ती रेषा होती, हे विसरून चालणार नाही. तरी जमिनीपुढे हट्ट चालत नाही, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे. तुमच्या हद्दीचा काही भाग उघड्या कातळाचा असेल तर तिथे रोपांवर पैसे घालवू नका. सुट्या दगडांचा गडगा रचा आणि जिथे माती सुरू होते तिथून वई धरा.

आता ही झाडं टाळा. घाणेरी आणि वेडी बाभूळ कोणी फुकट दिली तरी लावू नका. ती तुमच्या शेतात आणि शेजारच्या रानात पसरतात आणि मग काढणं हाताबाहेर जातं. सुबाभूळ शेंगा टाकून सगळीकडे उगवते आणि शेळ्या तिच्यासाठीच येतात. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं तोडायला परवानगी लागते, म्हणून पुढेमागे छाटायच्या-काढायच्या ओळीत ती नकोत.

विषारी झाडांबद्दल स्पष्ट सांगतो. शेर आणि थोर यांचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, काही काळ दिसेनासं होऊ शकतं आणि डोळा कायमचा दुखावू शकतो. छाटताना चष्मा आणि हातमोजे घाला. चीक गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा आणि तडक डॉक्टरांकडे जा. मोगली एरंडाचं कुंपण झटपट होतं, गुरं खात नाहीत, पण त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि खाल्ल्या की मुलांना जोरदार उलट्या-जुलाब होतात. शाळेच्या वाटेवर किंवा घराजवळ मी ते लावू देणार नाही.

4. हत्यारं आणि सामान

कोयता (दोन असले तर बरे, एक कायम धारेला जातो), कुदळ, टिकाव, पहार, फावडं, घमेलं, लांब टेप, सुतळी, चुन्याची फक्की. सुक्या वईसाठी बांबू, चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या, कांबटं (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या), बांधायला काथ्याची दोरी. जाड चामड्याचे हातमोजे आणि बूट. करवंदीच्या जाळीत साप, विंचू असतात, चपलेवर काम करू नका.

5. चर खणणं: फाल्गुन ते वैशाख

खुणांच्या आत 3 फुटांवर सुतळी धरून फक्की मारा. 2 फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. वरची माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला. उन्हात महिनाभर चर उघडा राहू द्या. मग वरची माती, शेणखत आणि पालापाचोळा मिसळून भरा, आणि खालच्या मुरमाचा हद्दीच्या बाजूला बांध घाला. या बांधाने गुराचं पाऊल अडखळतं आणि पाणीही मुळाशी थांबतं. उतारावर चर सलग खणू नका, दर दहा-पंधरा फुटांवर मातीची आडवी पट्टी सोडा, नाहीतर तोच चर पावसात ओहोळ होईल.

मजुरी फुटावर ठरवत असाल तर खोली आधी बोलून घ्या. बोलणं झालं नाही तर शेवटचे शंभर फूट वीतभर खोलीचे निघतात.

6. सुकी वई: पाऊस लागायच्या आत

बांधावर दर 5-6 फुटांना बांबूचे खुंट रोवा. जमिनीत जाणारं टोक विस्तवावर वरवर जाळून काळं करा किंवा डांबर लावा, वाळवीला उशीर लागतो. गुडघ्याला एक आणि छातीला एक अशी आडवी कांबटं बांधा. त्यांच्यात बोरी, बाभळी, करवंदीच्या काट्यांच्या फेसाट्या (तोडलेल्या काटेरी फांद्या) बुंधे खाली करून दाट खोचा, आणि बाहेरून दुसरं कांबट दाबून काथ्याने आवळा. फेसाटी आडवी ठेवली तर पहिल्या वाऱ्यात उडते, उभी खोचून दाबलेली वर्ष काढते.

हे काम दरवर्षी दिवाळीनंतर दुरुस्त करायचं आहे, निदान दोन वर्षं. गावातले जाणते लोक ते किती सफाईने करतात ते बघा आणि पहिल्या वर्षी त्यांच्या हाताखाली राबा. ही कला आता थोड्याच हातांत उरली आहे आणि त्या हातांना रास्त मजुरी द्या.

7. लागवड: मृगात

गिरिपुष्प आणि पांगाऱ्याच्या काठ्या जून झालेल्या फांदीच्या, 4 ते 6 फूट लांब, मनगटाएवढ्या जाड घ्या. निरगुडीला अंगठ्याएवढी जाडी पुरते. खालचं टोक तिरकं, धारदार कोयत्याने एका घावात. ठेचलेली काठी कुजते. तोडून आठवडाभर सावलीत उभ्या ठेवल्या तरी चालतं. पहारीने भोक पाडून मगच काठी दीड फूट आत सोडा. ठोकून बसवली तर साल सोलवटते आणि मुळं तिथेच फुटायची असतात. भोवतीची माती पायाने घट्ट दाबा.

काठ्यांची ओळ शेताच्या बाजूला, करवंदाची हद्दीच्या बाजूला. बाहेरून येणाऱ्याला आधी काटा लागायला हवा.

दोन-चार चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल ओली झाली की लावा. वळवाच्या पहिल्या सरीला भुलून लावलेली रोपं पुढच्या उघडिपीत सुकतात. आर्द्रा संपेपर्यंत हे काम उरकलं पाहिजे, म्हणजे मुळं धरायला पूर्ण पावसाळा मिळतो. देशावर पाऊस उशिरा स्थिरावतो, तिथे जुलैपर्यंत थांबायला हरकत नाही.

8. पहिला उन्हाळा

बहुतेक वई इथे मरते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि दिवाळीनंतर सात महिने थेंब नसतो. ऑक्टोबरअखेर गवत कापून मुळाशी जाड आच्छादन घाला. डिसेंबरपासून आठ-दहा दिवसांनी प्रत्येक करवंदाला दोन-तीन लिटर पाणी मिळेल अशी सोय हवी. गिरिपुष्प पानगळ करतं, ते मेलं असं समजून उपटू नका. नखाने साल खरवडून बघा, हिरवी असेल तर जिवंत आहे.

वणव्याची भीती फेब्रुवारीपासून. वईच्या बाहेरून 6 फुटांची जाळरेषा साफ ठेवा आणि तिच्यात कापलेलं गवत पडू देऊ नका. सुकी वई पेटली तर जिवंत वईही जाते.

9. छाटणी: याच कामात वई घडते

नव्या माणसाला वाढलेली फांदी कापवत नाही, समजतं. पण उंच वाढू दिलेली वई वर दाट आणि खाली उघडी होते, आणि डुक्कर, कुत्रं, शेळी सगळी खालूनच येतात.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला निरगुडी, मेंदी, विलायती चिंच जमिनीपासून एक फुटावर कापा. बुंध्यातून चार-पाच धुमारे फुटतात. ऑगस्टमध्ये ते कमरेएवढे झाले की अर्धे कापा. करवंदाचे फक्त शेंडे खुडा, आणि फळं येऊ लागली की छाटणी फळं उतरवल्यावर, जूनमध्ये. वईचा आकार खाली रुंद, वर निमुळता ठेवा म्हणजे ऊन बुंध्यापर्यंत पोचतं. उंची साडेचार-पाच फूट पुरे.

गिरिपुष्पावर विशेष लक्ष हवं. वर्षातून दोन-तीनदा छाटलं नाही तर ते वीस फूट जातं, शेतातल्या पिकाच्या पहिल्या दोन ओळींचं ऊन घेतं आणि कुंपणच शेत खातं.

छाटण्याआधी फांद्या हलवून घरटी बघा. बुलबुल उन्हाळ्यात आणि मुनिया पावसात वईतच अंडी घालतात. घरटं असलेला हातभर भाग महिनाभर सोडा.

10. भोकं बुजवणं

तिसऱ्या वर्षीही भोकं राहतात. नवीन रोपापेक्षा शेजारची फांदी बरी. निरगुडी किंवा अडुळशाची लांब फांदी भोकाच्या बाजूला वाकवा, जमिनीला टेकते तिथे खालच्या बाजूची साल थोडी खरवडा, ओल्या मातीत दाबून वर दगड ठेवा. पावसाळ्यात तिथे मुळं धरतात. वर उरलेला शेंडा शेजारच्या काठ्यांत तिरका विणा. इंग्लंडमधले शेतकरी हिवाळ्यात झुडपाचा बुंधा तळाशी बराचसा कापून, सालीच्या पट्टीवर जिवंत ठेवून आडवा पाडतात, तेही याच जातीचं काम. आपल्याकडे उन्हाळ्यात असा कापलेला बुंधा सुकून जातो, म्हणून वाकवणं असो वा पाडणं, पाऊस लागल्यावरच करा.

11. कोणाला अडवेल, कोणाला नाही

गुरं, शेळ्या, भटकी कुत्री: तीन-चार वर्षांची नीट राखलेली वई पुरेशी आहे. रानडुकरासाठी बुंध्याशी मोठे दगड रचून ठेवा, तरी तो कमकुवत जागा शोधतो. वानर-माकडांना कोणतीच वई अडवत नाही. गव्यांच्या भागात नुसत्या वईवर विसंबू नका. वन्यप्राण्यांना रोखायला काही जण घरची वीज तारेत सोडतात. त्याने माणसं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे. सौर कुंपण लावायचंच तर प्रमाणित यंत्राचं, ठोके देणारं लावा आणि फलक टांगा.

12. बेडं

वाटेच्या जागी दोन जांभ्याचे खांब उभे करून त्यांना भोकं पाडा आणि आडवे बांबू सरकवा. गाडी जायची असेल तर रुंदी 10 फुटांपेक्षा कमी ठेवू नका, खताची ट्रॉली वळत नाही. खांबाला लागून दोन्ही बाजूंना करवंद न लावता अडुळसा लावा. ये-जा करणाऱ्यांचे कपडे फाटत नाहीत आणि खोकल्याला पाला हाताशी राहतो. सगळ्यात खालचा बांबू जमिनीपासून अर्ध्या फुटावर असू द्या, त्यापेक्षा वर असेल तर शेळीचं करडू आरामात आत येतं.